जगणे, अक्षरे तीन

चिंचपोकळीला फास्ट गाडी थांबत नाही. भायखळा आणि करी रोड यांच्यामध्ये दबून बसलेल्या या स्टेशनाचा प्रवासी म्हणजे धिम्या गाडीचा प्रवासी. आणि धिम्या गाडीत खिडकी मिळाली, तर चार घड्या घातलेल्या वर्तमानपत्रातले शब्दकोडे निम्मे तरी सुटतेच. तर समजा, आडव्या शब्दांमधला पहिलाच क्लू आहे: 'जगणे'. अक्षरे तीन. काय लिहाल?

'जीवन' मनात आलेच असेल. थांबा, पेन टेकवू नका. 'आयुष्य' का नको? आ, यु, ष्य: तीनच घरे. 'जिंदगी'? जिं, द, गी: तीन. 'उभी हयात गिरणीत गेली' म्हणतात, त्यातली 'हयात'? तीन. 'जीवितहानी'तले 'जीवित'? तेही तीन! एवढ्याशा क्लूला पाच उत्तरे, पाचही बरोबर आणि पाचही नेमकी तेवढ्याच घरांत बसणारी.

हे पाच आले कुठून? जीवन, जीवित आणि आयुष्य संस्कृतातून, जिंदगी फारसीतून, हयात अरबीतून फारसीमार्गे. त्यातही गंमत अशी की 'जीव' आणि 'जिंदगी' हे दूरचे चुलतभाऊ आहेत, हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच मुळातून फुटलेले. हयातीचे घराणे मात्र पूर्ण वेगळे. निवृत्तिवेतन घेणारी माणसे दर नोव्हेंबरात बँकेत 'हयातीचा दाखला' देतात. २०१४ पासून तोच दाखला बोटाचा ठसा देऊन संगणकावर काढायची सोय झाली, तिचे नाव 'जीवन प्रमाण'. म्हणजे माणूस जिवंत आहे एवढेच सांगायचे, तरी सरकारलाही एका शब्दावर थांबता आलेले नाही. मग कोडे सोडवणाऱ्याने कसे थांबायचे?

आता जरा पाचही शब्द एकाखाली एक मांडा. पहिली अक्षरे बघा: जी, जी, आ, जिं, ह. दोन सारखी निघाली. शेवटची: न, त, ष्य, गी, त. इथेही दोन सारखी. आणि मधली? व, वि, यु, द, या. पाचही वेगळी! मधल्या घरातून खाली जाणारा एक उभा शब्द तेवढा पक्का करा, पाचांतले चार आपोआप गळून पडतात. उभ्या शब्दाला जगण्याशी काही देणेघेणे नाही. तो 'वसंत' असेल, 'युवराज' असेल, 'दगड' असेल. पण जगणे म्हणजे यातले नेमके कोणते, हे तोच ठरवतो.

ही करामत सुचली आर्थर विन यांना. लिव्हरपूलमध्ये जन्मलेला, अमेरिकेत वर्तमानपत्रात नोकरी करणारा हा माणूस. त्यांचे पहिले कोडे 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रविवार पुरवणीत २१ डिसेंबर १९१३ रोजी छापून आले. आकार शंकरपाळ्याचा, मधोमध मोठी पोकळी (चिंचपोकळीकरांनी याची नोंद घ्यावी), आणि नाव 'वर्ड-क्रॉस'. त्यातला एक क्लू होता: 'इज'चे अनेकवचन. उत्तर, 'आर'. जगातल्या पहिल्यावहिल्या शब्दकोड्यातसुद्धा 'असणे' होतेच!

पण विन यांच्या कोड्यात आणि आपल्या कोड्यात एक जबरदस्त फरक आहे, आणि तो नजरेसमोर असूनही कुणी त्याच्याकडे बघत नाही. इंग्रजी कोड्याच्या घरात काय बसू शकते? सव्वीस अक्षरांपैकी एक. मराठी घरात? क पासून ज्ञ पर्यंतची छत्तीस व्यंजने घ्या, प्रत्येकाची बाराखडी मांडा: ४३२. सुटे स्वर वेगळे. आणि जोडाक्षरे अजून मोजलेलीच नाहीत. लालबागच्या चाळीतली दहा बाय दहाची खोली आठवा, एका खोलीत अख्खे कुटुंब. मराठी अक्षर तसे राहते. 'स्त्री' या एका घरात स, त, र आणि ई अशी चार माणसे सुखाने नांदतात. 'कार्त्स्न्य', म्हणजे संपूर्णता, हा शब्द फक्त दोन घरांचा; त्याच्या दुसऱ्या घरात र, त, स, न, य अशी पाच व्यंजने! सात चिरंजीवांपैकी अश्वत्थामा इंग्रजीत लिहिला तर अकरा घरे अडवतो. मराठीत? चार.

या दाटीचा फायदा कोणाला? सोडवणाऱ्याला. इंग्रजी मजकुरात साधारण दर आठवे अक्षर 'ई' असते. एखाद्या घरात 'ई' मिळाल्याने फारसे काही कळत नाही. आणि मराठीत तीन घरी शब्दाच्या शेवटी 'ष्य' मिळाला तर? आठवा. आयुष्य. मनुष्य. भविष्य. धनुष्य. आणखी? वैदुष्यासारखा एखादा पंडिती शब्द खणून काढता येईल, पण रोजच्या वापरातले संपले. लाखभर शब्दांच्या भाषेतून एका अक्षराने आपल्याला चौघांसमोर आणून उभे केले. एका अक्षराने! आणि कोण चौघे? माणूस, त्याचे जगणे, त्याचा उद्या आणि एक शस्त्र.

संगणकाला मात्र हे घर म्हणजे काय, ते बरीच वर्षे उमगत नव्हते. त्याच्या पोटात 'आयुष्य' सहा तुकड्यांत साठवलेले असते: आ, य, उकाराची खूण, ष, हलन्ताची खूण, य. कार्त्स्न्याचे तर अकरा तुकडे. जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. हे तुकडे जोडून डोळ्याला दिसणारी अक्षरे कशी मोजायची, त्याचे नियमही तीच ठरवते. जुन्या नियमाने 'ष्य' मधोमध चिरला जायचा, म्हणून आयुष्याची अक्षरे भरायची चार. देवनागरीचे जोडाक्षर एकसंध धरायचा नियम त्यात आला २०२३ साली. पाटीवर बाराखडी गिरवणाऱ्या पोराला जे पहिलीत कळते, ते यंत्राच्या नियमपुस्तकात यायला एकविसाव्या शतकाचे तेविसावे वर्ष उजाडावे लागले.

सगळीच घरे एवढी उदार नसतात बरे. कोडी रचणाऱ्यांचा एक लाडका क्लू बघा: 'पंचप्राणांपैकी एक', अक्षरे तीन. पंचप्राण म्हणजे प्राण, अपान, व्यान, उदान, समान. प्राण आणि व्यान दोन घरांचे, ते बाद. उरले अपान, उदान, समान. आता उभ्या शब्दाने तुम्हाला शेवटचा 'न' मिळवून दिला. आनंद झाला? होऊ देऊ नका. तिघेही 'न' वरच संपतात! बरे, मधल्या घरात आकार आहे एवढे कळले, तर? पा, दा, मा. तिघांनाही आकार. इथे सुटका करू शकते फक्त पहिले अक्षर किंवा मधले व्यंजन. रचणाऱ्याने उभा शब्द मुद्दाम 'न' मधून नेला असेल, तर तो माणूस नक्कीच खवचट आहे. मला अशी खवचट माणसे आवडतात.

आता एक मात्रा बदला आणि काय होते बघा. 'वर्तुळाच्या पोटातली रेघ', दोन अक्षरे: जीवा. शाळेच्या भूमितीतली, परिघावरचे दोन बिंदू जोडणारी. 'प्रतापगडावर सय्यद बंडाचा वार अडवणारा', दोन अक्षरे: जिवा. नोव्हेंबर १६५९ मधला जिवा महाला, ज्याच्यावरून 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण पडली. एक भूमितीत, एक इतिहासात, आणि दोघांमध्ये अंतर केवढे? एका वेलांटीचे. तोंडाने म्हणताना आपण दोन्ही जवळजवळ सारखेच म्हणतो. कोड्यात तसे चालत नाही. उभा शब्द 'जिरे' असेल तर महाला, 'जीभ' असेल तर भूमिती.

ही वेलांटी मोठी बोलकी आहे. जीव, जीवन, जीवित, सजीव, निर्जीव, चिरंजीव: सगळीकडे दीर्घ. जिवंत, जिवलग, जिवाभावाचा, जिवाची मुंबई: इथे ऱ्हस्व. का? पहिले शब्द संस्कृतातून घडलेले आले आणि आपली वेलांटी घट्ट धरून राहिले. दुसरे मराठीच्या अंगणात वाढले. इथे शब्दाला शेपूट फुटले, की मागे सरकलेला दीर्घ ईकार आखडतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ही बोलण्यातली सवय कागदावर बांधली. कोडे सोडवताना 'जि' की 'जी' यावर अडलेला माणूस नकळत विचारत असतो, की हा शब्द बाहेरून आला की घरात वाढला!

मुळात इतके शब्द एकमेकांत गुंफता येतातच कसे? हा प्रश्न फुटकळ वाटतो ना? बेल प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅनन यांना तो तसा वाटला नाही. १९४८ साली त्यांनी माहितीचे गणित मांडणारा जो निबंध लिहिला, ज्याच्या पायावर आजचे फोन आणि इंटरनेट उभे आहे, त्यात चक्क शब्दकोड्यांचा उल्लेख आहे. भाषेतल्या प्रत्येक अक्षराचा किती अंदाज आधीच बांधता येतो, हे ते मोजत होते. समजा, काहीच अंदाज येत नाही, कोणतीही अक्षरे कशीही मांडली तरी शब्द होतो. मग वाटेल ते भरा, कोडे बनतेच, आणि म्हणून त्याला काही अर्थ उरत नाही. आता उलटे समजा. भाषा इतकी ठरीव आहे, की पहिल्या अक्षरावरून उरलेली सगळी ठरतात. मग आडव्याला उभा जुळायचाच नाही. अंदाज येणारा भाग साधारण निम्मा असेल तर मोठी कोडी जेमतेम शक्य होतात, असा त्यांचा हिशेब. आणि तो एक तृतीयांशावर आला तर लांबी, रुंदी, उंची अशी तिन्ही बाजूंनी गुंफलेलीसुद्धा! जिभेच्या ओळखीची पण पूर्ण न ओळखता येणारी, अशा मधल्या अरुंद पट्ट्यात भाषा जगते, म्हणून कोडे जगते. आपल्याकडे घर इतके भरगच्च असल्यामुळे गुंफणे अवघड जाते. म्हणून मराठी कोड्यात काळे चौकोन जास्त, शब्द दोनपासून पाच घरांचे, आणि रव, खग, असु अशी एरवी कुणी न बोलणारी दोन घरी मंडळी तिथे पुन्हा पुन्हा भेटतात. ('असु' म्हणजे प्राण. जुने सोडवणारे झोपेतही सांगतील.)

क्लू नुसता समानार्थी शब्द देतो तेव्हा तो शब्दकोशाचा कारकून असतो. मराठीला त्यापेक्षा बरेच काही येते. 'टांगणीला लागतो, मुठीत धरतात, भांड्यात पडला की बरे वाटते', अक्षरे दोन. काय आहे ही वस्तू? जीव! तो लावता येतो, टाकता येतो, देता येतो, घेता येतो, आणि कधी कधी नुसताच वरखाली होतो. जीवशास्त्रज्ञाला जीव म्हणजे काय याची पक्की व्याख्या करताना घाम फुटतो. आणि इथे परळच्या बाजारात भाजी निवडणारी बाई तो भांड्यात पाडून मोकळी होते.

असा क्लू वाचल्यावर उत्तर येते कसे, तेही बघण्यासारखे आहे. ते पायरी पायरीने येत नाही. नसते, नसते आणि एकदम असते. २००४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसांना शब्दकोडी घातली, तीन शब्द देऊन तिघांनाही जुळणारा चौथा शोधायला लावले, आणि त्या वेळी मेंदूतल्या विजेची नोंद घेतली. उत्तर असे अचानक सुचले, की उजव्या कानाच्या वरच्या भागात वेगवान लहरींचा एक झोत उसळायचा. तो उसळायचा, 'सापडले' म्हणून बटण दाबायच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधी. आणि त्याच्याही किंचित आधी, डोळ्यांकडून येणारी माहिती हाताळणारा मेंदूचा मागचा भाग क्षणभर मंदावायचा. जणू मेंदू आतला आवाज ऐकण्यासाठी पापणी मिटतो! अडलेला माणूस खिडकीबाहेर बघत बसतो, तो वेळ घालवत नसतो तर.

मग या निरागस खेळाने एकदा सर्वोच्च न्यायालय का गाठले? कारण त्यात पैसा शिरला. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसांच्या शब्दकोड्यांची मोठी लाट होती. प्रवेशशुल्क भरा, कोडे भरून पाठवा, बक्षीस जिंका. बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकातून 'आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्स' ही स्पर्धा चाले, आणि अंक इथे मुंबई राज्यात खपत. चालवणारे आर. एम. डी. चमारबागवाला, चमारबाग हे नाव परळच्या माणसाला नवे नाही. मुंबई सरकारने बक्षीस-स्पर्धांवरच्या १९४८ च्या कायद्यात दुरुस्ती करून बाहेरून येणाऱ्या अशा स्पर्धांवरही कर बसवला. प्रकरण उच्च न्यायालयातून दिल्लीला गेले आणि ९ एप्रिल १९५७ ला निकाल लागला: हा जुगार आहे, याला व्यापाराचे संरक्षण नाही.

शब्दांचा खेळ जुगार कसा? इथेच आपले ते मधले घर पुन्हा कामाला येते. समजा, मी एक कोडे रचले. क्लू: 'जपावे, नाहीतर पस्तावाल'. अक्षरे दोन, पहिले 'जी' छापलेलेच आहे, आणि दुसऱ्या घरातून एकही उभा शब्द जात नाही. जीव? की जीभ? दोन्ही सुरेख बसतात. बरोबर कोणते? मी आधीच लिहून पाकिटात बंद केले आहे ते! आता तुमचे शब्दज्ञान काय कामाचे? इंग्लंडमधल्या अशाच एका खटल्यात न्यायाधीशांनी म्हटले होते, की स्पर्धक पैसे मोजून, न दिसणाऱ्या लक्ष्यावर आंधळे नेम मारत असतो. छेद देणारे अक्षर काढून घेतले, की कोड्याची सोडत होते. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने तर अशा स्पर्धांची बक्षिसे महिन्याला हजार रुपयांत जखडली, आणि लाट ओसरली. चमारबागवाला हे नाव मात्र अजून कोर्टात घुमते. रमीपासून ऑनलाइन खेळांपर्यंत, कौशल्य कुठे संपते आणि नशीब कुठे सुरू होते असा वाद निघाला, की वकील १९५७ चा तो निकाल उघडतात.

याच्या बरोबर उलट टोकाची कल्पना इंग्रज रचनाकारांनी काढली. छेद देणारे अक्षर काढायच्या ऐवजी त्यांनी छेद थेट क्लूच्या आतच नेऊन ठेवला. लंडनच्या 'टाइम्स'ने १ फेब्रुवारी १९३० पासून शब्दकोडे सुरू केले, आणि तिथे हा गूढ क्लू चांगलाच रुजला. त्याची अट एवढीच: एकाच वाक्यात उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा हव्यात, एक अर्थाची, एक अक्षरांची. दोन्ही एकाच शब्दावर येऊन भेटल्या, तर उत्तर पक्के. उभ्या शब्दाची वाट बघायलाच नको!

मराठी वर्तमानपत्रांतली बरीचशी कोडी समानार्थी शब्दांपाशीच थांबतात, याची मला हळहळ वाटते, कारण आपली लिपी या खेळासाठीच घडवल्यासारखी आहे. 'जीव नाही, तरी जगणे', अक्षरे तीन. जीव अधिक न: जीवन. 'जीवनात दडलेले रान', दोन: वन, समोरच तर बसले आहे. (अमरकोशात 'जीवन' आणि 'वन' ही दोन्ही पाण्याचीही नावे आहेत. कुणीतरी यावर क्लू रचायलाच हवा.) 'प्राध्यापक थोडक्यात, बाणाचे टोक, गेला की सगळे संपले', दोन: 'प्रा.' आणि बाणाच्या शेवटचा 'ण'. प्राण!

आणि एक हत्यार तर इंग्रजीकडे नाहीच. इंग्रजीत दोन शब्द जोडले तर जोड दिसतो. अक्षरे एकापुढे एक उभी राहतात, आपापल्या घरात. आपल्याकडे संधी आहे. 'घोडा आत, म्हणजे माणूस अजून आहे', अक्षरे तीन. घोडा म्हणजे हय, दोन घरे. आत, दोन घरे. दोन आणि दोन जोडून झाली तीन: हयात. चौथे घर कुठे गेले? घोड्याचा 'य' आणि 'आत'मधला 'आ' एकाच घरात शिरून 'या' झाले. आणि हे तेच मधले घर, ज्याने सुरुवातीला पाच जगण्यांमधून एक निवडून दिले होते. खालून येणारा उभा शब्द त्या 'या' मधूनच जाणार, घोडा कुठे संपतो आणि आत कुठे सुरू होते याचा त्याला पत्ताही न लागता.